तिसऱ्या दशांशात हरवलेले दहा मायक्रॉन

तक्रारीच्या मेलला एकच फोटो जोडलेला होता. चकचकीत शाफ्टवर (गोल दांड्यावर) अर्ध्यात अडकलेली आमची बुश, म्हणजे त्यावर बसणारी नळी, आणि शेजारी हातोडी. मजकूर नेहमीचा: बोअर (आतलं भोक) अंडरसाइज, अख्खा लॉट होल्डवर, ताबडतोब उत्तर द्या.

भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉब शॉपमध्ये, म्हणजे ऑर्डरप्रमाणे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी क्वालिटी बघते. प्रत्येक लॉटमधले काही नग आम्ही कपाटात ठेवून देतो, ते अशाच दिवसासाठी. काढले, धुतले, सेटिंग रिंगवर बोअर गेज लावला आणि मोजत बसले. ड्रॉइंगवर बोअर ०.७८७ ते ०.७८८ इंच, म्हणजे १९.९८९८ ते २०.०१५२ मिमी. आमचे नग १९.९९१ पासून २०.०१३ पर्यंत. एकही बाहेर नाही. गो-नोगो प्लगही (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जायला नको, असं तपासणीचं साधन) याच मापाचा करून घेतलेला, त्यावरही सगळे ओके.

मग त्यांच्याकडून शाफ्टचं ड्रॉइंग मागवलं. दोन दिवस टोलवाटोलवी झाल्यावर आलं. त्यावर स्वच्छ लिहिलेलं: २० एच सिक्स. मिलिमीटरमध्ये. एच सिक्स हा शाफ्टचा मेट्रिक कोड, माप वीस किंवा किंचित कमी; त्याच्या जोडीचा भोकाचा कोड एच सेव्हन, वीस किंवा किंचित जास्त. म्हणजे मूळ डिझाइन मेट्रिक, आणि अमेरिकेतल्या खरेदीवाल्यांनी आपल्या फॉर्मात बसवायला त्याचे इंच केलेले.

मशीनवरचे मामा मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, वीस एच सेव्हन आहे हो ते. मी फर्स्ट पीसलाच बोललो होतो, वीसचा बोअर वीसच्या खाली कोण मागतं?"

पहिला नग तपासताना ते बोलले होते, हे खरं. प्रॉडक्शनने त्यांना सांगितलं होतं, ड्रॉइंगप्रमाणे काढा. त्यात प्रॉडक्शनचं तरी काय चुकलं? पण मामांना वास आला होता तो बरोबर होता. इंचात विचार करणारा डिझायनर ०.७५० धरतो, फार तर पंचवीस बत्तीसांश म्हणजे ०.७८१२५ धरतो. ०.७८७ हा आकडा कुणी आपणहून धरत नाही. तो वीसला २५.४ ने भागल्यावरच निघतो.

आता जरा हिशेब. इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी, हे १९५९ पासून ठरलेलं आहे, त्यामुळे भागाकारात चूक व्हायला जागाच नाही. चूक होते ती नंतर, आकडा कापताना. वीस एच सेव्हन म्हणजे २०.००० ते २०.०२१. भागल्यावर ०.७८७४०२ ते ०.७८८२२८. कुणाच्या तरी एक्सेलने तिसऱ्या दशांशावर कात्री चालवली आणि ०.७८७–०.७८८ झालं. खालची मर्यादा दहा मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घसरून वीसच्या खाली गेली.

जुने टर्नर अजून थाऊत बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. आणि इथे अख्खी टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, २१ मायक्रॉनची. तीन दशांशांत ती मावणारच नाही. मर्यादा बदलताना खालची वर सरकवायची आणि वरची खाली, म्हणजे मूळ हद्द ओलांडली जात नाही, हा साधा नियम आहे. तो लावला तर चार दशांशांत ०.७८७५ ते ०.७८८२ मिळतं, थोडी टॉलरन्स खाल्ली जाते पण नग बसतो. तीन दशांशांत लावून बघा: दोन्हीकडे ०.७८८. टॉलरन्स शून्य!

त्यात आणखी एक गंमत. मामांनी शहाण्यासारखं सेटिंग मधोमध ठेवलं, म्हणजे २०.००२ च्या आसपास. इन्सर्ट (कापणारं टोक) झिजत गेला की बोअर बारीक होत जातो. ऑफसेट देईपर्यंतचे, म्हणजे मशीनवर ती झीज भरून काढेपर्यंतचे, नग आपोआप वीसच्या खाली. इंचाच्या कागदावर ते उत्तम नग, शाफ्टवर हातोडीचे गिऱ्हाईक.

प्रत्येक ट्रेनिंगच्या पीपीटीत १९९९ साली मंगळाजवळ हरवलेल्या नासाच्या मार्स ऑर्बिटरची गोष्ट असते. तिथे मुळात घोळ बलाच्या एककाचा (पाउंड की न्यूटन) होता, आणि फरक साडेचार पटींच्या जवळचा. आमच्यासारखा दहा मायक्रॉनचा घोळ कुणी पीपीटीत घालत नाही, आणि रोज होतो तो हाच.

मग एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय लिहून द्यायचा आठ टप्प्यांचा अहवाल. त्यांच्या पोर्टलवर रूट कॉजला चार पर्याय: मॅन, मशीन, मटेरियल, मेथड. ग्राहकाचं ड्रॉइंग हा पर्याय नाही. मार्केटिंगचे साहेब म्हणाले, "मॅडम, ऑपरेटर अवेअरनेस टाका, ट्रेनिंगचं शीट जोडा, विषय संपवा." आमच्या धंद्यातले निम्मे एट-डी असेच संपतात, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी कळलं त्याच्याच नावाने ट्रेनिंगचं शीट भरलं जातं. मी नाही भरलं. हिशेबाचा तक्ता जोडला. शेवटी मालकांनी तडजोड केली: कारण 'ड्रॉइंग रिव्ह्यू अपुरा', म्हणजे आमच्याच गळ्यात, आणि होनिंगच्या, म्हणजे बोअर घासून किंचित मोठा करण्याच्या, डेबिट नोटची अर्धी रक्कम आम्ही सोसायची. बोअरमध्ये मटेरियल शिल्लक होतं म्हणून होनिंगवर निभावलं. वरच्या बाजूला गेले असते तर सगळे भंगारात.

मला मात्र 'रिव्ह्यू अपुरा' हे अजून पचत नाही. सप्लायरने कागदामागचा कागद ओळखायचा का? उद्या मामांनी मनानेच २०.०१० ला सेटिंग केलं असतं तर नग बसले असते, हे कबूल. पण त्यांच्या शेजारच्या मशीनवरच्या पोराने असंच मनाने काही काढलं, तर सगळ्यात आधी मीच लाल टॅग लावीन. ड्रॉइंग सोडून काढलेला बरोबर नगही माझ्या टेबलावर रिजेक्टच असतो. मामांच्या शंकेला फर्स्ट पीसच्या फॉर्मात एक रकाना मी आता घातलाय. तो रोज रिकामा येतो, कारण पेन घेऊन मशीनवर कोण उभं राहतं?

परवा त्याच ग्राहकाची नवी इन्क्वायरी आली. बोअर ०.९८४ ते ०.९८५ इंच. पंचवीस एच सेव्हनला तीन दशांशांत कापलं की हेच आकडे येतात. मूळ मेट्रिक ड्रॉइंग पाठवा म्हणून लिहिलंय, उत्तर नाही. मार्केटिंगचे साहेब सकाळपासून दोनदा येऊन गेले, कोटेशन आजच जायला हवं म्हणतात. फिजिबिलिटीच्या, म्हणजे 'हे काम जमेल' असं सांगणाऱ्या, कागदावर माझी सही अजून झालेली नाही.