सोलापुरात साधा मार्गारिटा पिझ्झा मिळतोय, तो साधाच राहू द्या

जुळे सोलापूरच्या बाजूला एक नवीन इटालियन रेस्टॉरंट सुरू झालंय आणि गेल्या आठवड्यात आम्ही घरचे सगळे, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा, तिथं जेवून आलो. नाव मुद्दाम लिहित नाहीये, जागा अजून नवीकोरी आहे, सगळं बसायला वेळ लागणार, एका जेवणावरून कुणाच्या धंद्यावर शिक्का मारू नये. पण लिहायचं मात्र आहे, कारण ह्या जेवणाला लागणारं जवळपास सगळं सामान आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तरी ही जागा वर्षभरात तंदुरी पनीर पिझ्झा आणि शेझवान पास्त्याची होऊन जाईल की काय अशी मला खरंच भीती वाटते, आणि तसं झालं तर त्यात चूक आपल्या गिऱ्हाइकांचीच असेल.

आधी भट्टी. आत शिरल्या शिरल्या समोर विटांची घुमटाकार भट्टी आहे, लाकडावर चालणारी, आणि पिझ्झा तिथंच सगळ्यांसमोर लाटतात, म्हणजे लाटत नाहीत, हातानं दाबत दाबत पसरवतात, लाटणं लावलं की पिठातली हवा निघून जाते. इटलीतल्या नेपल्स शहराची पद्धत अशी की भट्टी ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर काढायचा. आपल्या घरच्या ओव्हनचा काटा २५० च्या पुढं जात नाही, त्यामुळे घरचा पिझ्झा दहा-बारा मिनिटं आत राहतो आणि तोवर पिठातलं पाणी उडून बेस कडक होतो. तिकडच्या पिझ्झा करणाऱ्यांचं हे हातातलं कसब युनेस्कोनं २०१७ साली वारशाच्या यादीत घेतलं, आणि भट्टीसमोर उभं राहून बघितलं की का घेतलं ते कळतं, एवढ्याशा वेळात तो माणूस पिझ्झा आत सारतो, फिरवतो, उचलून जरा घुमटाजवळ धरतो आणि काढतो, एक क्षण इकडं तिकडं बघायला नाही.

भट्टीवरचा मुलगा आपल्या पूर्व भागातला निघाला, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. पुण्यात काही वर्षं एका मोठ्या किचनमध्ये काम करून परत आलाय. मला हे ऐकून लई बरं वाटलं ओ, आपली पोरं शिकतात आणि गाडीत बसून जातात ती जातातच, इथं परत येऊन कुणी हातातलं कसब दाखवतंय हे कमी बघायला मिळतं. मी त्याला पिठाबद्दल विचारलं तर तो खुलला. म्हणाला मॅडम, पुण्यात जे पीठ सहा तास बाहेर राहायचं ते इथं एप्रिल-मे मध्ये राहतच नाही, बाहेर ४२ अंश असताना पीठ बघता बघता फुगतं आणि आंबट होतं. म्हणून तो मळून, गोळे करून एक अख्खा दिवस फ्रीजमध्ये ठेवतो, थंडाव्यात यीस्ट हळू काम करतं आणि पिठाला स्वतःची चव येते. पिठात फक्त मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. साखर नाही, तेल नाही, दूध नाही.

आणि ती चव खरंच येते. मार्गारिटा आला, ३४० रुपये, वर फक्त टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलची चार पानं. कडा फुगलेली, त्यावर काळे डाग. नवऱ्याला वाटलं जळलाय, तो परत पाठवायच्या बेतात होता, पण सासूबाईंनी कडेचा तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाल्या, अरे जळलेला नाही, भाकरीला पण डाग पडल्याशिवाय चव येती का. त्यांनी हयातभर चुलीवर भाकऱ्या केल्यात, त्यांचं ऐकायचंच होतं. ह्या पिझ्झाची एक गोष्ट सांगतात, १८८९ साली इटलीची राणी मार्गारिटा नेपल्सला आली तेव्हा राफाएले एस्पोसितो नावाच्या माणसानं तिच्यासाठी लाल, पांढरा, हिरवा असा इटलीच्या झेंड्याच्या रंगांचा पिझ्झा केला. इतिहास अभ्यासणारे ह्या गोष्टीवर पुरता विश्वास ठेवत नाहीत, आणि मला वाटतं तिची गरजही नाही, तीन जिन्नसांत एवढं होत असेल तर राणी आली काय नि नाही काय.

तर आमच्या शेजारच्या टेबलावर एक मोठा ग्रुप होता. त्यांनी पण मार्गारिटाच मागवला आणि पहिला घास घेतल्याबरोबर वेटरला बोलावून म्हणाले, काय बे, फिक्का आहे, चीज डबल मार, वरनं मेयो मार, जरा तिखट काहीतरी टाक. वेटर बिचारा आत गेला, आणि दुसरा पिझ्झा आला तो तसाच, वर चीजचा थर. मला त्या मंडळींचा राग नाही, आपल्याला तिखटाची सवय आहे, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाऊन वाढलेल्या जिभेला हे सौम्य लागणारच. पण त्यात एक साधी अडचण आहे. दीड मिनिटाच्या पिझ्झावर दुप्पट चीज टाकलं की ते चीज पाणी सोडतं, खालचा बेस तेवढ्या वेळात शिजत नाही, मधला भाग गिच्च राहतो, मग गिऱ्हाईक म्हणतं बेस कच्चा, मग रेस्टॉरंटवाले भट्टी कमी तापवून पिझ्झा जास्त वेळ ठेवणार, आणि मग जे सगळ्या शहरात मिळतं तेच इथं मिळणार. तसल्या पिझ्झाच्या जागा आपल्याकडं ढिगानं आहेत की. ही एक तरी वेगळी राहू द्या ना. तिखट हवंच असेल तर मेन्यूत तिखट पदार्थ आहे आणि तो अस्सल तिकडचाच आहे.

तो म्हणजे आल्यो ए ओल्यो. लसूण, ऑलिव्ह तेल आणि लाल मिरची, बास, आणि त्यात स्पगेटी. सोलापूरच्या माणसानं पहिल्यांदा हाच पास्ता मागवावा असं माझं स्पष्ट मत आहे. लसूण पातळ कापून मंद तेलात नुसता सोनेरी होऊ द्यायचा, करपला की कडू, आणि मग पास्ता शिजवलेलं खारट पाणी थोडं तेलात घालून जोरात हलवायचं, त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल नि पाणी एकजीव होऊन पास्त्याला चिकटतं. इथला चांगला जमला होता, फक्त मिरची जरा बिचकत घातल्यासारखी वाटली, आपल्या गावात बिचकायचं काय कारण. मिरची तशी त्यांचीही नाही आणि आपलीही नाही, टोमॅटोसारखीच तीही अमेरिकेतून आली, आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणली. त्याच्या आधी इटलीत लाल सॉस नव्हता आणि आपल्याकडं लाल तिखट नव्हतं.

पास्ता जरा दाताला लागतो, मधे किंचित कडक, आणि तो तसाच असायला पाहिजे. वेटर सांगत होता की रोज दोन-चार प्लेट परत येतात, कच्चा आहे म्हणून. कच्चा नाहीये, ड्युरम नावाच्या कडक गव्हाचा आहे. इटलीत १९६७ पासून कायदाच आहे की सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच पाहिजे, मैद्याचा केला तर तो शिजताना लगदा होतो. आणि आता हे ऐका, आपल्याकडं ज्याला बन्सी गहू म्हणतात तो ड्युरमच आहे. बन्सी रवा, जो आपण शिऱ्याला-उपम्याला मुद्दाम मागून घेतो, तो त्याच जातीचा. खपली तर अजून जवळचा, तो इटलीतही पिकतो, टस्कनीच्या डोंगराळ भागात, तिकडं कडधान्याबरोबर त्याचं सूप करतात आणि आपण त्याची हुग्गी करतो. मी त्या भट्टीवरच्या मुलाला म्हटलं, पास्ता तुम्ही पाकिटातला आणता, हरकत नाही, पण आठवड्यातून एक दिवस बन्सी रव्याचा ताजा पास्ता करून बघा की, नुसता रवा आणि पाणी, दक्षिण इटलीत अंड्याशिवायच करतात. सासूबाई लगेच म्हणाल्या, बारीक दळून घ्यावा लागेल आणि पीठ चांगलं तिंबायला पाहिजे, घाई केली की तुटतं. त्या दोघांचं पिठावर जे बोलणं सुरू झालं ते माझा मुलगा डोळे मोठे करून ऐकत होता, आजीला इटालियन येतं म्हणून.

चीजबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आम्ही शाकाहारी आहोत आणि आपल्याकडं अशी बरीच घरं आहेत. इटलीतलं खरं पार्मेसान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध फाडणाऱ्या पाचक रसानं, दूध फाडून करतात, त्यांच्या नियमातच ते आहे. म्हणजे ते शाकाहारी नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि पास्त्यावर, पेस्तो म्हणजे बेसिलच्या चटणीमध्ये, सगळीकडं ते असतं. मी ऑर्डर देण्याआधीच विचारलं, तर त्यांनी आतून चीजचं पाकीटच आणून दाखवलं, भारतातलं, मायक्रोबियल म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं, हिरवा ठिपका. असं न कुरकुरता आणून दाखवणं मला फार आवडलं. कुठंही गेलात तर विचारा, लाजू नका. पन्ना कोट्टा, म्हणजे ते क्रीमचं थंड गोड, असेल तर जिलेटिनचंही विचारा, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात.

मोझरेला मात्र पाकिटातलं आहे आणि ते कळतं, ताणलं जातं छान पण दुधाची चव नाही. इथं मला राहवत नाही. नेपल्सच्या भोवतालच्या कंपानिया भागातलं सगळ्यात नावाजलेलं मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं, म्हशीच्याच. आणि आपल्या जिल्ह्याच्या नावावर म्हशीची एक अख्खी जात आहे, पंढरपुरी, ती तलवारीएवढ्या शिंगांची, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोल्याकडं दारोदार बांधलेली. दूध घट्ट, स्निग्धांश भरपूर. ताजं मोझरेला म्हणजे फाडलेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात ताणून, वळून केलेलं चीज, त्याला महिनोन्‌महिने मुरवायचं नसतं, त्याच दिवशी खाता येतं. एखाद्या बचत गटानं किंवा शिकलेल्या दूधवाल्या पोरानं हे मनावर घेतलं तर ह्या रेस्टॉरंटलाच काय पुण्याला पण पुरवता येईल. दुधाच्या भावासाठी दरवर्षी आपले शेतकरी रस्त्यावर येतात, ते बघितलं की हे फार वाटतं. बेसिलचं पण तेच, फालुद्यात सब्जा घालतो ना, ते त्याच झाडाचं बी, परसात कुंडीत सहज येतं, मग सुकलेली पानं पुण्याहून कशाला मागवायची.

आता जे जमलं नाही ते. रिसोट्टो, म्हणजे तिकडचा मऊसर भात, अजिबात नाही. लांब दाण्याचा तांदूळ आधी शिजवून त्यात क्रीम आणि मशरूम घातले होते, तो रिसोट्टो होत नाही, तो क्रीम घातलेला भात झाला. त्याला आखूड, जाड, स्टार्चवाला तांदूळ लागतो, आर्बोरिओ किंवा कार्नारोली, आणि गरम स्टॉक पळी-पळीनं घालत वीसेक मिनिटं हलवत बसावं लागतं, तेव्हा तांदूळच स्वतःची मलई सोडतो, क्रीम लागत नाही. आर्बोरिओ महाग पडतो हे मान्य, मग इंद्रायणी वापरून बघा, तो निदान चिकट तरी आहे, पण बासमतीसारखा तांदूळ घेऊन ३९० रुपये लावू नका. व्हाइट सॉस पेन्ने मुलानं मागवला, त्याला आवडला, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिरामिसू, म्हणजे कॉफी-कोकोचं गोड, अंड्याशिवायचा होता, मूळ पदार्थात अंडं असतं, मस्कारपोने नावाच्या मऊ चीजमध्ये फेटलेलं, पण इथं क्रीमवर भागवलंय आणि ते चालतं, फक्त साखर खूप जास्त. कॉफीचा कडूपणा आणि कोको जिभेवर यायला पाहिजेत, इथं आधी साखरच येते. मी हे सगळं मालकांना तिथंच तोंडावर सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

चौघांचं बिल साडेअठराशेच्या आसपास झालं, रिसोट्टो धरून. सोलापूरच्या मानाने कमी नाही, पण दोन मार्गारिटा आणि एक आल्यो ए ओल्यो घेतला तर चौघांचं पोट हजाराच्या आसपास भरतं, आणि तिथलं सगळ्यात चांगलं तेवढंच आहे. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, भट्टी एक आणि हात दोन, पिझ्झाला पाऊण तास लागतो. मधल्या वारी आठच्या आत गेलात तर भट्टीसमोरचं टेबल मिळतं. फोर व्हीलर लावायला समोर जागा नाही, मागच्या गल्लीत लावावी लागते. आणि जाल तेव्हा बन्सी रव्याच्या पास्त्याचं विचारा, चार जणांनी विचारलं की तो करेल असं मला त्या मुलाच्या बोलण्यावरून वाटलं, सासूबाईंनी त्याला गिरणीचा पत्ता देऊन ठेवलाय.