कॅशिंग असूनही तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा

ऑर्डरच्या यादीचं पान फार हळू उघडतंय, अशी तक्रार आली. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला तर एकाच ग्राहकाची माहिती मागणाऱ्या रिक्वेस्टींची रांग लागलेली. आयडी तोच, यूआरएल तीच, उत्तरही तेच. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका होस्टशी एका वेळी साधारण ६ कनेक्शनच उघडतो. त्यामुळे खुद्द यादीतला मजकूर आणणारी रिक्वेस्ट या गर्दीमागे ताटकळत होती.

कोडमध्ये कॅशिंग होतं, म्हणजे एकदा आणलेली माहिती जवळ ठेवून पुन्हा वापरायची सोय. मॅपमध्ये, म्हणजे की आणि तिच्याशी जोडलेली माहिती यांच्या साठ्यात, आयडी शोधायचा, नसेल तर सर्व्हरकडून फेच करायचं, उत्तर आलं की मॅपमध्ये ठेवायचं. वाचताना काहीच खटकत नाही. पण यादीतल्या सगळ्या ओळी एका दमात रेंडर होतात. पहिली ओळ मॅपमध्ये बघते, तो रिकामा. दुसरी बघते तेव्हाही रिकामाच, कारण पहिलीचं उत्तर अजून वाटेत असतं. अवेटच्या, म्हणजे उत्तराची वाट बघण्याच्या, त्या फटीत प्रत्येक ओळ आपापली रिक्वेस्ट सोडून मोकळी होते.

म्हणून मॅपमध्ये उत्तराऐवजी प्रॉमिसच, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारं ऑब्जेक्ट, ठेवलं, आणि तेही फेच सुरू होताक्षणी, अवेटच्या आधी. जावास्क्रिप्टचा हा कोड एकाच थ्रेडवर चालतो, त्यामुळे शोधणं आणि ठेवणं यांच्या मध्ये दुसरं काही घुसत नाही. लॉक वगैरे काही लागत नाही. मला ही गोष्ट फार देखणी वाटते. दोन पथ्यं मात्र पाळावी लागली. रिस्पॉन्सची बॉडी एकदाच वाचता येते, म्हणून जेसन पार्स झाल्यानंतरचं प्रॉमिस ठेवायचं. आणि प्रॉमिस रिजेक्ट झालं, म्हणजे फसलं, तर ती नोंद काढून टाकायची, नाहीतर एकदा नेटवर्क तुटलं की तीच एरर पान रिफ्रेश होईपर्यंत सगळ्यांना मिळत राहते.

रिक्वेस्ट एकच दिसायला हवी होती. दिसल्या दोन! कन्सोलमध्ये मॅपच्या की छापून बघितल्या: एकीकडे ४२ हा नंबर, दुसरीकडे ४२ ही स्ट्रिंग. एक आयडी एपीआयमधून आलेला, दुसरा यूआरएलमधून उचललेला. मॅपच्या दृष्टीने या दोन वेगळ्या की. की तयार करतानाच स्ट्रिंग करून घेतली आणि दुसरी रिक्वेस्ट नाहीशी झाली.

वेगवेगळ्या ग्राहकांच्या रिक्वेस्टी एकत्र करणं हे काम सर्व्हरवरचं होतं, कारण तिथे प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र क्वेरी जात होती. त्यासाठी डेटालोडर घेतला. फेसबुकने ही लायब्ररी २०१५ मध्ये खुली केली. एकाच टिकमध्ये, म्हणजे इव्हेंट लूपच्या एका फेरीत, मागितलेले आयडी ती गोळा करते आणि बॅच फंक्शनला एकदम देते. मात्र उत्तरं आयडींच्याच क्रमाने आणि तेवढीच परत द्यावी लागतात. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतलं 'इन' असा क्रम पाळत नाही, न सापडलेल्या आयडीसाठी ओळही देत नाही. तसंच सोडलं असतं तर एकाच्या ऑर्डरवर दुसऱ्याचं नाव झळकलं असतं. म्हणून निकाल आधी आयडीनुसार लावून घेतला, नसलेल्यांच्या जागी नल (रिकामी किंमत) भरला.

लोडर ग्लोबल, म्हणजे सगळ्यांसाठी एकच, ठेवला तर वेग आणखी वाढेल, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं. मी ठाम नकार दिला. येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला नवा लोडर बनवला, कारण लोडरही आणलेली माहिती जवळ ठेवतो आणि एका युजरच्या परवानगीने आणलेली माहिती दुसऱ्याच्या पानावर जाऊन चालणार नव्हती.