बाळाचं वजन किती होतं?

ओपीडी संपत आली होती. समोर 12 आठवड्यांची गरोदर बाई, दुसरी खेप.

"पहिली डिलिव्हरी?"

"नॉर्मल, मॅडम."

बीपी 118/76. मी 'नॉर्मल' लिहून पान उलटणार, तेवढ्यात विचारलं, "बाळाचं वजन किती होतं?"

ती जरा थांबली. "एक किलो दोनशे."

मी पेन खाली ठेवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोकं असह्य ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, त्यानंतरचं तिला काहीच आठवत नाही. झटके आले होते. कळा आणून दिवस भरायच्या खूप आधी बाळंतपण केलं, बाळ महिनाभर काचेच्या पेटीत होतं. पण सिझर झालं नाही, म्हणून तिच्या लेखी ते 'नॉर्मल'!

बीपी चढून पुन्हा तसंच होण्याचा धोका कमी व्हावा, म्हणून तिला अ‍ॅस्पिरिन लिहून दिली. 150 मिलीग्रॅम, रोज रात्री, 36 आठवड्यांपर्यंत. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात रुजते ती पहिल्या काही महिन्यांत. तिथल्या रक्तवाहिन्या तेव्हा नीट रुंदावल्या नाहीत, तर त्याचे परिणाम पुढे बीपीत दिसतात. म्हणून ही गोळी 16 आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. बीपी चढल्यावर तिचा उपयोग नाही.

दोन आठवड्यांनी ती आली. पर्समधून स्ट्रिप काढली, तर एकही गोळी फोडलेली नाही. "दुकानात म्हणाले, ही हार्टच्या पेशंटची. रक्त पातळ होतं म्हणे. बाळाला काही झालं तर?"

चूक माझी होती. गोळी लिहिली, पण ती कशासाठी हे नीट सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी बाहेरची रांग थांबवून सांगितलं: डोस कमी आहे, गरोदरपणात वापरून पारखलेला आहे, आणि अजून वेळ गेलेली नाही. पहिली गोळी तिने त्याच रात्री घेतली.

38व्या आठवड्यात बीपी 146/94 झालंच. गोळी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, याच गोळीवरच्या अ‍ॅस्प्रे अभ्यासात 37 आठवड्यांआधीच्या प्रीएक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणात बीपी चढण्याच्या आजाराचं) प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आलं, मात्र दिवस भरल्यावर होणाऱ्यात ठळक फरक दिसला नाही. तिला कशाने तारलं, हे एका केसवरून मी छातीठोक सांगणार नाही. पण या वेळी दिवस भरले होते. लगेच कळा सुरू केल्या. झटके नाहीत, पेटी नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले, तर बाळ कुशीत घेऊन तीच म्हणाली, "वजन लिहिलंत ना, मॅडम? दोन किलो आठशे."