गौरीची वही

शनिवार, ९ नोव्हेंबर

ही वही मुळात माझी नाही. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पहिल्या पानावर तळेगावच्या काकूंचं ठसठशीत अक्षर: 'गौरी. आली १० सप्टेंबर. ग्रेट डेन, मादी. वय अंदाजे पाच. वजन ३३ किलो.' काकूंनी एकेचाळीस पानं भरली आहेत. आज निघताना त्यांनी वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "पुढचं तू लिही. खाडा करू नकोस."

म्हणून रात्रीचे साडेअकरा वाजले तरी मी जागी आहे. गौरी दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी उभी आहे. आत येत नाही, मागे फिरत नाही. तास होऊन गेला. तिच्यासाठी आणलेली जाड गादी चार पावलांवर पडून आहे.

खरं तर ती दसऱ्याच्या सुमारासच घरी यायची होती. काकूंनी ठाम नकार दिला. दिवाळीचे फटाके संपल्याशिवाय नवीन घरी कुत्रं द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. घाबरून पळालेलं कुत्रं निदान ओळखीच्या घराकडे परत फिरतं. ओळखीचं घरच नसेल तर ते कुठे जाणार? त्या आधी दोनदा आमच्याकडे येऊन गेल्या होत्या. फाटकाची कडी हलवून पाहिली, कुंपणाची उंची विचारली, मी कामावर गेल्यावर घरात कोण असतं ते विचारलं. शेवटी आईसमोर बसून म्हणाल्या, "ही अंगाला रेलून उभी राहते, या जातीची सवयच आहे. तुम्ही शहात्तर वर्षांच्या. पडलात तर?" आई म्हणाली, "भिंतीला टेकून उभी राहीन." त्या उत्तरावर आम्हाला गौरी मिळाली.

आज तळेगावात काकू रडल्या नाहीत. गाडीत तिची जुनी चादर अंथरली, औषधांची पिशवी दिली, पुन्हा एकदा सगळं पाठ करून घेतलं: दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं, खाल्ल्यावर तासभर फिरवायचं नाही, पोट फुगलं आणि नुसत्याच कोरड्या उलट्या काढू लागली तर मध्यरात्र असली तरी डॉक्टरांकडे पळायचं. मोठ्या छातीच्या कुत्र्यांच्या जठराला पीळ पडतो आणि मग काही तासच हातात असतात. गाडी चालवायला आलेला माझा भाचा म्हणाला, "काकू, लेक सासरी पाठवताय." त्या पटकन म्हणाल्या, "सासरी नको म्हणूस रे. सासरी राबायला जातात. हिचं राबून झालंय."

रविवार, १० नोव्हेंबर

पहाटे कधीतरी ती आत आली. गादीवर नाही, फरशीवर झोपली.

दिवसभर काकूंची पानं वाचली. गौरी आवाहनाच्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका बंद धाब्यामागे ही बांधलेली सापडली. दूध घालणाऱ्या मुलाने काकूंना फोन केला, कारण त्या भागात असं काही दिसलं की लोक त्यांनाच फोन करतात. दोरी नायलॉनची, मानेवरचे केस गेलेले. 'पाण्याची बादली एका दमात संपवली. मग माझ्या पायावर डोकं ठेवलं. नाव गौरी.' दुसऱ्या दिवशीची नोंद रक्ताची: गोचीड ताप, प्लेटलेट्स अडतीस हजार. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन. मधल्या एका पानावर फक्त 'आज दोन अंडी स्वतःहून' एवढंच आहे, खाली दोन रेघा ओढलेल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर गर्भाशय काढलं, त्याच वेळी जठर पोटाच्या आतल्या भिंतीला शिवून घेतलं, म्हणजे पीळ पडण्याची भीती पुष्कळ कमी होते.

डॉक्टरांच्या अंदाजाने तिची निदान सहा वेतं झाली असावीत. आचळं ओघळलेली, कोपरांवर सिमेंटवर झोपून झोपून पडलेले हाताएवढे घट्टे. पिल्लं विकायची, ही पुन्हा गाभण, पुन्हा पिल्लं. आणि अंग खचलं तेव्हा धाब्यामागे.

सरकारने २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. दीड वर्षाच्या आत मादीला लावायचं नाही, वर्षात एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत. कागदावर सगळं आहे. उपाशीतापाशी मरेल अशा जागी जनावर सोडून देणं हा तर १९६० च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपये ते पन्नास रुपये. मी तो आकडा वाचला आणि गौरीकडे बघायची मला लाज वाटली. तिला बांधलेली दोरीसुद्धा त्याहून महाग असेल.

बुधवार, १३ नोव्हेंबर

ती आमच्यादेखत खात नाही. वाटीत भात, उकडलेलं चिकन आणि लाल भोपळा ठेवून आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं, मग लपलप आवाज येतो. शटर खाली ओढल्याचा आवाज आला की अंग थरथरतं. कुठल्या शटरमागे राहिली असेल कोण जाणे. भुंकलेली अजून नाही.

आज दुपारी माझे मोजे सापडेनात. गादीवर मिळाले. (हो, गादीवर. आज पहिल्यांदा.) दोन मोजे आणि आईची कापडी पिशवी तिने पोटाशी घेतली होती आणि मान वळवून त्यांना चाटत होती. एक मोजा बाजूला सरकला तर नाकाने हळूच पुन्हा आत ओढून घेतला. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, शस्त्रक्रियेनंतर कधी कधी असं होतं, शरीरातली दूध आणणारी संप्रेरकं काही आठवडे शांत होत नाहीत, काढून घेऊ नका, ओरडू नका, ओसरेल.

आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. आईने आपल्या कपाटातून एक जुना लोकरीचा हातमोजा आणला आणि गौरीच्या पुढ्यात ठेवला. तिने तोही आत घेतला. आई बराच वेळ तिथेच खुर्चीवर बसून राहिली. माझ्याआधीचा तिचा मुलगा चार दिवसांचा असताना गेला होता. त्याबद्दल आई कधी बोलत नाही, आजही बोलली नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

सोसायटीची सभा. एवढं मोठं कुत्रं तोंडाला जाळी घातल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, असा ठराव आणायचा होता. मी प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांची प्रत नेली होती: पट्टा हवा, पण जाळीची सक्ती करता येत नाही. आवाज चढले. मलाही चढवावा लागला. पण ज्यांची लहान मुलं आहेत त्यांची भीती खोटी नाही, हेही मला कळतं. मी पहाटे साडेपाचला तळजाई टेकडीवर नेणार आणि खेळायच्या वेळी मुलांमधून नेणार नाही असं लिहून दिलं.

शनिवार, ७ डिसेंबर

चंपाषष्ठी. चातुर्मासात सोडलेलं वांगं आणि कांदा आज घरात परत आला. आईने भरीत आणि बाजरीचे रोडगे केले, खंडोबाची तळी भरली. आमच्याकडे या दिवशी कुत्र्याला घास काढतात, पण तो नेहमी फाटकाबाहेर, कोपऱ्यावरच्या काळूला. यंदा दोन घास निघाले. कांदा कुत्र्यांच्या रक्ताला घातक असतो, तेव्हा भरीत बाजूला. दोघांना नुसता रोडगा, तूप आणि थोडा गूळ आईने काढला होता. गूळ मी काढून घेतला. आई रागावली, मग दह्याची वाटी आणली.

आईने भंडारा गौरीच्या कपाळाला लावला. तेवढं मोठं डोकं खाली आलं. मग वाटी आईच्या हातात असतानाच, आम्ही दोघी समोर असताना, गौरी जेवली. रोडग्याचा तुकडा खाली पडला तर तो उचलायच्या आधी तिने एकदा आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकून उभी होती.

वजन ४३. मोजे आता मोज्यांच्या जागी. हातमोजा मात्र अजून गादीवर.

रविवार, १२ जानेवारी

आज काकू आल्या.

फाटकातून त्यांचा आवाज आला आणि गौरी भुंकली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. खर्जातला, छातीत घुमणारा आवाज. काकू ओट्यावर फतकल मारून बसल्या आणि ही ४५ किलोंची बाई त्यांच्या मांडीत शिरली, निदान पुढचा अर्धा भाग. काकूंनी तिची कोपरं चाचपली, दात पाहिले, कानात वास घेतला, हो, नाक लावून वास घेतला, आणि मला म्हणाल्या, "छान ठेवलीस." मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

निघायच्या वेळी त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि गौरी आत जाऊन बसली. मागच्या सीटवर, तोंड पुढे करून. मी हाक मारली, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आईने दह्याची वाटी दाखवली. नाही. मी पट्टा हातात घेतला तर काकू म्हणाल्या, "ओढायचं नाही." त्या तिच्याशेजारी जाऊन बसल्या. मी फाटकाशी उभी. आत काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. वीस-बावीस मिनिटं झाली असतील. त्या वेळात माझ्या मनात एकच होतं, की हिला जायचं असेल तर मी कोण अडवणारी? आणि ती गेली तर मी घरात पाऊल कसं टाकू?

मग काकू उतरल्या, दार उघडं ठेवून सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याशी उभं राहून पाणी प्यायल्या. गौरी मागोमाग आली. काकूंनी मला खुणेनेच गाडीचं दार लावायला सांगितलं.

जाताना म्हणाल्या, "आता सहा महिने मी येणार नाही. तिला उगीच दोन घरं व्हायला नकोत." बोलताना त्या फाटकाच्या कडीकडे बघत होत्या. गौरी जाळीतून रस्त्याकडे पाहत संध्याकाळपर्यंत बसली होती. मी जवळ बसले. ती रेलली नाही. रात्रीचं जेवण तसंच राहिलं.

सोमवार, २० जानेवारी

आज वजन ४६. वजनकाट्यावर तिला उभं करायला दोन माणसं लागतात, दवाखान्यातला मुलगा आता तिला नावाने हाक मारतो. खाणं गुरुवारपासून पूर्ववत. फाटकाशी बसणं कमी झालं आहे, थांबलेलं नाही.

डॉक्टरांनी आज न विचारताच सांगितलं की ही जात सात ते दहा वर्षांच्या पलीकडे सहसा जात नाही. मला ठाऊक होतं. काकूंनी फॉर्म भरून घेतानाच ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं होतं.

रात्री काकूंचा फोन आला. गौरीचं विचारून झाल्यावर म्हणाल्या, ओटीवरची जागा रिकामी होती म्हणून हो म्हणता आलं, काल संध्याकाळी एक लॅब्रेडॉर आली आहे, एका डोळ्याने दिसत नाही, चालताना भिंतीला घासत चालते. नवीन वही आणली का, मी विचारलं. आणली म्हणाल्या.

"वजन किती?"

"एकोणीस."

गौरी माझ्या पायांवर तिरकी पडली होती, पाय बधिर झाले होते. मी काकूंना म्हटलं, लाल भोपळा वाफवून द्या, सालीसकट, गौरीला त्यानेच भूक लागली होती. काकू म्हणाल्या, "थांब, लिहून घेते."