अडकित्त्याला चिकटणारी सुई

पुणे, गुरुवार, रात्री साडेदहा

आज आत्याचा अडकित्ता रविवार पेठेतल्या एका लोहाराकडे घेऊन गेले होते. त्याची खीळ वर्षभरापासून सैल झाली आहे, पाते बोथट झाले आहे, आणि पंच्याऐंशीव्या वर्षीही जेवणानंतर स्वतःच्या हाताने सुपारी कातरून खाण्याचा आत्याचा नेम काही मोडलेला नाही. निघताना तिने मला दोनदा बजावले, "नवा घेऊन येऊ नकोस. हाच नीट करून आण, आणि त्यातलं काही घालवू नकोस." त्यातले म्हणजे काय, हे तिने सांगितले नाही आणि मला विचारावेही लागले नाही.

या अडकित्त्याला सुई चिकटते. तो आजीचा, आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या उशाखाली तो ठेवला गेला, माझ्याही. पाचवीच्या पूजेला पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडलेली असे, कारण रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते. कागद सकाळीही कोराच दिसे. मी लहानपणी आजीला विचारले होते की काही लिहिलेले दिसत का नाही, तेव्हा तिने अडकित्ता शिवणाच्या डब्याजवळ नेला, त्याच्या टोकाला एक बारीक सुई लटकली, आणि ती म्हणाली, "ह्यात तरी काही दिसतंय का? पण आहे ना?" घरातली मोठी माणसे त्या अडकित्त्याला जागृत म्हणत. तो शब्द मला आजही चुकीचा वाटत नाही.

लोखंडात हे कसे येते, ते मी पुढे शिकले. पोलादाच्या आत सूक्ष्म प्रदेश असतात आणि प्रत्येक प्रदेशाची स्वतःची चुंबकीय दिशा असते. सगळ्या दिशा विस्कळीत असल्या की त्या एकमेकींचा परिणाम पुसून टाकतात आणि बाहेर काही जाणवत नाही. विल्यम गिल्बर्टने 1600 साली लिहिलेल्या ग्रंथात, उत्तर-दक्षिण धरून ठोकलेल्या लोखंडाच्या कांबीत पृथ्वीची चुंबकीय दिशा उतरते, हे सांगितले आहे. प्रत्येक घावाने आतले प्रदेश क्षणभर मोकळे होतात आणि पृथ्वीच्या क्षेत्राकडे थोडे कलून पुन्हा घट्ट बसतात. आजीच्या हातात या पात्याने किती हजार सुपाऱ्या फोडल्या असतील! अर्थात आणखी एक कारण संभवते, आणि खरे सांगायचे तर मला तेच अधिक पटते: तिचा पानाचा डबा वर्षानुवर्षे फडताळात रेडिओला टेकून असायचा, आणि रेडिओच्या कर्ण्यामागे चांगला जाड लोहचुंबक असतो. रेडिओ केव्हाच मोडीत गेला. त्याचा शेजार मात्र पात्यात राहिला.

कारण निघून गेल्यावरही परिणाम मागे राहतो, या गुणाला जेम्स आल्फ्रेड युइंग या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ग्रीक भाषेतून हिस्टेरिसिस हे नाव दिले. त्याचा अर्थच मुळी मागे राहणे असा आहे. या मागे राहण्यावर माणसाने पुढे आवाज साठवला. व्हाल्डेमार पौल्सेनने 1898 मध्ये पोलादी तारेवर बोलणे उतरवले, आणि नंतरच्या कॅसेटच्या फितीवर तर लोखंडाच्या गंजाचेच, सुईच्या आकाराचे कण पसरलेले असत. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट माझ्याकडे आहे. पुष्कळ वर्षे न उलगडता राहिल्यामुळे फितीच्या एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटला आहे. त्यामुळे आजी गाऊ लागण्याच्या क्षणभर आधी तीच ओवी फार दुरून, जणू पलीकडच्या खोलीतून, ऐकू येते. याचे कारण मला नीट ठाऊक आहे. तरीही तो पहिला दूरचा स्वर आला की मी हातातले काम थांबवते.

यातल्या जादूच्या बाजूविषयी मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला सर्वांत प्रामाणिक उत्तर प्राचीन तत्त्वज्ञ कणादांकडे मिळाले. त्यांच्या वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे सुईच्या सरकत जाण्याचा उल्लेख आहे आणि तिचे कारण 'अदृष्ट' असे सांगितले आहे. न दिसणारे, एवढेच. मला या शब्दाचा संयम फार मोलाचा वाटतो. त्यात परिणाम नाकारलेला नाही आणि कारणाची खोटी ओळखही करून दिलेली नाही. हे अदृष्ट साधे नव्हते, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले: नील्स बोर यांनी 1911 मध्ये आणि हेंड्रिका वान ल्यूवेन यांनी 1919 मध्ये दाखवून दिले की जुन्या, अभिजात भौतिकशास्त्राचे नियम काटेकोरपणे लावले तर पदार्थात चुंबकत्व शिल्लकच राहत नाही. त्याचा उलगडा पुढे पुंज (क्वांटम) सिद्धांताने आणि इलेक्ट्रॉनच्या फिरकीने केला. म्हणजे आजीच्या हातात लटकणारी ती सुई न्यूटनच्या सगळ्या जगाला पुरून उरली होती.

याच वैशेषिक परंपरेत 'संस्कार' हा शब्द तीन गोष्टींसाठी वापरतात. सुटलेल्या बाणात टिकून राहणारा वेग हा संस्कार, वाकवलेली फांदी सोडल्यावर तिला पूर्वस्थितीला आणणारी स्थितिस्थापकता हा संस्कार, आणि ज्यातून स्मृती उपजते ती आत्म्यातली भावना हाही संस्कारच. जड वस्तूला आणि जाणिवेला एकच शब्द लावण्याचे हे धाडस माझ्या मनातून जात नाही. योगसूत्रांत स्मृतीची व्याख्या 'अनुभूतविषयासंप्रमोषः' अशी केली आहे. प्रमोष म्हणजे चोरी, तेव्हा अनुभवलेले चोरीला जाऊ न देणे म्हणजे स्मृती. त्याच सूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताला अयस्कांत मण्याची, म्हणजे लोहचुंबकाची, उपमा दिली आहे: ते नुसत्या सान्निध्याने उपयोगी पडते. सान्निध्य हा शब्द वाचला की मला फडताळातला पानाचा डबा आणि त्याला टेकलेला रेडिओ दिसतो.

इथे जपून पाऊल टाकले पाहिजे, कारण चुंबक आणि मन यांची सांगड घालून लोकांना फसवणे फार जुने आहे. अठराव्या शतकात मेस्मर या वैद्याने प्राण्यांतल्या चुंबकीय प्रवाहाच्या नावाने रोगी बरे करायला सुरुवात केली. 1784 मध्ये पॅरिसला बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिये ज्या आयोगात होते, त्या आयोगाने असा प्रवाह आढळत नाही, जे घडते ते कल्पनेच्या बळाने घडते, असा निर्वाळा दिला. तरी 1845 पासून बंगालमध्ये हुगळीला डॉक्टर जेम्स एस्डेल मेस्मरच्याच पद्धतीने रोग्यांना गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया करीत होते. त्या रोग्यांना मिळालेला आराम खोटा होता असे मी म्हणणार नाही. चुकले ते कारणाला दिलेले नाव. आजही चुंबकाची कडी मनगटात घातल्याने स्मरणशक्ती वाढते असे सांगून ती विकली जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. मेंदूतली आठवण पेशींच्या आपापसांतल्या जोडण्यांत राहते. मेंदूचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे अब्जांश असते. शेवटच्या दोन वर्षांत आजीला आमची नावे आठवत नसत, पण हातात अडकित्ता दिला की ती सुपारीची एकसारखी पातळ खांडे करी. नावांची वाट आणि हातांची वाट मेंदूत वेगळी आहे. तिचे उरलेले सगळे तिच्या हातांत राहिले होते.

लोहाराने पाते नखावर पाहिले आणि म्हणाला, "ताई, नुसती धार लावून टिकायची नाही. तापवून परत पाणी द्यावं लागंल." मी विचारले, "काका, तापवल्यावर त्याला सुई चिकटेल का?" त्याने मला सुई मागितली, टोकाला लावून पाहिली आणि मग खोक्यातून स्वतःचा लोहचुंबक काढला. पोलाद पाणी देण्याइतके, म्हणजे बुडवून कडक करण्याइतके, तापले की नाही हे तो यानेच ओळखतो: लाल झालेले पाते चुंबकाला धरेनासे झाले की वेळ आली. "लाल झालं की सगळं विसरतंय ते," तो म्हणाला. लोखंडाच्या बाबतीत हा आकडा सुमारे 770 अंश सेल्सिअस आहे आणि पिएर क्यूरी यांच्या नावाने ओळखला जातो, पण लोहाराच्या वाक्यात भर घालावी असे मला वाटले नाही. मी त्याला सांगितले की तापवू नका. पाण्याखाली धरून धार लावा आणि खीळ थंडच ठोका. पाते लवकर बोथटेल, असे तो म्हणाला. मी म्हटले, मी पुन्हा येईन.

काम होईपर्यंत तासभर होता, म्हणून नदी ओलांडून जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरात जाऊन बसले. आठव्या शतकात एकसंध कातळातून कोरलेल्या त्या गोल नंदीमंडपाच्या थंड पायरीवर हात ठेवला की मला नेहमी हेच आठवते की हा दगडही दिशा धरून आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो निवताना, 580 अंशांच्या खाली येता येता, त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळची पृथ्वीची चुंबकीय दिशा धरली. गेल्या शतकाच्या मध्यावर अभ्यासकांनी दख्खनच्या दगडांतल्या या दिशा मोजल्या, आणि तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता असे निघाले. या लाव्ह्याचा मोठा भाग तर पृथ्वीचे ध्रुव आजच्या उलट असतानाचा आहे. मूर्तीत प्राण आणण्याआधीपासून या कातळात स्मरण होते, हा विचार मनात घेऊन मी गाभाऱ्यातल्या लिंगाला नमस्कार केला, आणि तो नमस्कार नेहमीपेक्षा वेगळा झाला.

परत आले तेव्हा खीळ ठोकायची राहिली होती. मी लोहाराला अडकित्ता उत्तर-दक्षिण धरायला सांगितले. त्याने कारण विचारले नाही. ऐरणीवर तो फिरवला आणि चार घाव घातले.

संध्याकाळी आत्याने आधी सुपारी कातरून पाहिली आणि मग शिवणाचा डबा मागवला. पहिल्या खेपेला सुई घसरली. दुसऱ्या खेपेला ती टोकाला लटकली, पूर्वीपेक्षा सैल, पण आत्याचा हात थरथरत असतानाही पडली नाही. आत्या बराच वेळ तिच्याकडे पाहत होती. मग तिने सुई काढून दोऱ्याच्या रिळात खोचली आणि अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवून दिला.