कडक सर, मऊ सर आणि कोपऱ्यातली पकड

कबड्डीच्या प्रशिक्षकाबद्दल विचारलं की उत्तर स्वभावाचं येतं. ‘सर लई कडक आहेत’, नाहीतर ‘सर पोरांना जीव लावतात’. दोन्ही खरं असू शकतं, पण पोरं काय शिकली ते त्यावरून कळत नाही. ते कळायला एक तास मैदानाच्या कडेला बसावं आणि दोनच गोष्टी बघाव्यात: प्रत्येक पोराच्या वाट्याला किती चढाया आणि पकडी आल्या, आणि पकड फसल्यावर त्याला नेमकं काय सांगितलं गेलं.

पहिली गोष्ट साध्या हिशेबाची आहे. २४ पोरं, एक मैदान. एक चढाई आणि पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ धरून ४५ सेकंद जातात. तासाभरात झाल्या ८० चढाया, म्हणजे प्रत्येकाला तीन, फार तर चार. बाकीचा वेळ तो सातातला एक म्हणून साखळीत उभा असतो किंवा रेषेबाहेर गप्पा मारत असतो. सर कितीही जाणकार असोत, दिवसाला तीन चढायांवर चढाईपटू तयार होत नाही.

यावर उपाय म्हणजे मैदान तोडणं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि राखीव क्षेत्र (दोन्ही कडांच्या पट्ट्या, म्हणजे लॉबी) धरून १० मीटर रुंद. मधोमध आडवी-उभी दोरी टाकली की साडेसहा बाय पाचचे चार तुकडे होतात. प्रत्येकात सहा जण: तीन बचावाला, एक चढाईला, दोन थांबलेले. चढाई ३० ऐवजी १५ सेकंदांची, बदलायला १० सेकंद. वीस मिनिटांत एका तुकड्यात ४८ चढाया होतात, म्हणजे माणशी आठ, शिवाय बचावाची पाळी प्रत्येक दुसऱ्या चढाईला. महिलांच्या आणि कुमार गटाच्या १२ बाय ८ च्या मैदानात तुकडा सहा बाय चारचा होतो, तोही चालतो. फक्त शेजारच्या तुकड्यात कोणी जाऊन आदळणार नाही इतकं बघायचं. दोरी जमिनीला चिकटलेली हवी. उंच बांधली की कोणाचा तरी पाय अडकणारच.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे सांगण्याची. त्यासाठी कोपरारक्षकाची, म्हणजे साखळीच्या टोकाला उभ्या असलेल्या बचावपटूची, घोट्याची पकड घेऊ, कारण याच पकडीला सर्वांत जास्त आरडाओरडा होतो आणि सर्वांत कमी शिकवलं जातं.

पकड सुरू होते ती उभं राहण्यापासून. पाय खांद्याइतके फाकलेले, वजन चवड्यांवर, कंबर खाली, हात गुडघ्यांच्या पुढे आणि मोकळे. नजर चढाईपटूच्या कमरेवर आणि पायांवर. तोंडाकडे किंवा हाताकडे बघणारा कोपरारक्षक हुलकावणीला हमखास बळी पडतो, कारण हात आणि डोळे खोटं बोलतात, कंबर सहसा बोलत नाही. झेप घ्यायची वेळ एकच: चढाईपटूचा पाय जमिनीवर टेकून त्यावर वजन आलं की. पाय हवेत असताना झेप घेतली तर तो पाय काढून घेतो आणि आपण मॅटवर पालथे. बोनस गुणासाठी पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे पडतो तेव्हा नियमाप्रमाणे मागचा पाय हवेत असावा लागतो. पुरुषांच्या मैदानात ही रेषा मध्य रेषेपासून पावणेपाच मीटरवर. त्या क्षणी त्याचं सगळं वजन एका पायावर असतं, परतीची वाट लांब असते, आणि कोपरारक्षकाला याहून चांगली संधी मिळत नाही.

हात दोन्ही जायला हवेत, एक टाचेच्या वर मागून, दुसरा पुढून. डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यासमोर कधीच नाही. खांदा नडगीला भिडला पाहिजे. हात लांब करून नुसता घोटा धरला तर ताकदवान चढाईपटू धरणाऱ्यालाच मध्य रेषेपर्यंत फरफटत नेतो. धरल्यावर घोटा वर आणि आपल्या अंतिम रेषेकडे. तेवढ्यात शेजारच्या ‘इन’ने, म्हणजे कोपऱ्याला लागून आतल्या बाजूला उभ्या असलेल्या बचावपटूने, कमरेवर यायचं. इन एक पाऊल जरी उशिरा आला तरी अर्ध्या पकडी सुटतात, आणि शिव्या मात्र कोपऱ्याला बसतात.

शिकवताना टप्पे मोडू नयेत. आधी कोपरारक्षक एका गुडघ्यावर बसलेला, जोडीदार स्थिर उभा: डाव्या-उजव्या बाजूने पाच-पाच पकडी, लक्ष फक्त डोक्याची जागा आणि दोन्ही हात. मग जोडीदार चालत येऊन पाय टाकतो, कोपरारक्षक उभ्यानं झेपतो, सहा-सहा. नंतर जोडीदार कधी पाय टाकतो, कधी हुलकावणी देऊन मागे घेतो. इथे न झेपणं हेही बरोबर उत्तर असतं आणि ते मोजायचं. शेवटी इनसह खरी चढाई. तिसरा टप्पा गाळून थेट चौथ्यावर जाणारे प्रशिक्षक फार आहेत. त्यांच्या पोरांना पकड येते, पण कधी करायची ते येत नाही. ती आधीच झेपतात. मातीवर शिकवत असाल तर खडे वेचून, माती भुसभुशीत करूनच. नखं रोज तपासायची, तो नियमही आहे.

या सगळ्यात प्रशिक्षकाच्या तोंडून काय यावं? ‘जोर लाव’, ‘झोपलास का’, ‘शाब्बास’ यांतल्या एकाही शब्दात पुढची पकड सुधारेल असं काही नाही. ‘हात पोचला, पण डोकं आत होतं’ यात आहे. प्रशिक्षक जॉन वूडन यांच्या यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने १२ वर्षांत १० राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदं जिंकली. १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून शिकवण्याच्या २,३२६ कृतींची नोंद केली. कौतुक ६.९ टक्के, नाराजी ६.६ टक्के. जवळपास तीन चतुर्थांश कृतींत काय करायचं आणि कसं, याची माहिती होती. चूक दाखवायची वूडन यांची पद्धतही उचलण्यासारखी आहे: बरोबर कृती करून दाखवायची, मग पोराने केली तशी चुकीची, मग परत बरोबर. सगळं काही सेकंदांत, भाषण नाही. घोट्याच्या पकडीला हे तंतोतंत लागू पडतं. डोकं बाहेर, डोकं आत, डोकं बाहेर, आणि लगेच पुढची पकड.

सूचनेचे शब्दही निवडून वापरावेत. ‘कोपर वाकव, पाठ ताठ ठेव’ असं अवयवांकडे लक्ष वेधलं की पोरगं अवघडतं. ‘घोटा मागच्या रेषेकडे ने’ म्हटलं की अवयव आपापली जागा घेतात. हालचालींची कौशल्यं कशी शिकली जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएले वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या प्रयोगांत हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे: लक्ष शरीरापेक्षा परिणामाकडे असेल तर कौशल्य जास्त चांगलं बसतं.

सरावात क्रम बदलत राहण्याबद्दलही असंच आहे. एकाच पायाचा स्पर्श सलग वीस वेळा करून घेतला की तो सुबक दिसतो. हाताचा स्पर्श, पायाचा स्पर्श, बोनस अशी सरमिसळ केली की सगळंच विस्कटलेलं दिसतं. गूड आणि मॅगिल या संशोधकांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिसवर हा प्रयोग केला. सरमिसळ करून शिकलेला गट नंतरच्या चाचणीत पुढे होता. अगदी नवख्याला आधी एकेक गोष्ट द्यावी, महिन्याभराने सरमिसळ सुरू करावी. अडचण एवढीच की पालक आणि मंडळाचे पदाधिकारी नेमके विस्कटलेल्या दिवशी बघायला येतात आणि ‘सर काही शिकवत नाहीत’ म्हणून जातात.

आता कडकपणाचा मुद्दा. सुरक्षेच्या बाबतीत हुकूमच हवा: शिट्टी वाजली की सुटका, डोकं बाहेर, दोरीपलीकडे जाणं नाही. तिथे चर्चा नको. डावपेचांत मात्र विचारावं. ‘का सोडलास?’ असं विचारलं की सबब मिळते. ‘तू झेपलास तेव्हा त्याचा पाय कुठे होता?’ असं विचारलं की माहिती मिळते, किंवा त्याने पाय बघितलाच नव्हता हे कळतं. प्रश्न टाकून चार-पाच सेकंद गप्प राहायचं. हे बहुतेक सरांना पकडीपेक्षा अवघड जातं.

पकड फसली म्हणून पाच फेऱ्या, ही शिक्षा सर्वांत महाग पडते. पोरगं पकडी सुधारत नाही, पकडी करायचं बंद करतं. तीनच बचावपटू उरलेत, समोरच्याची निर्णायक चढाई आहे (गुण आणला नाही तर तोच बाद), पकड झाली तर अव्वल पकडीचे, म्हणजे ‘सुपर टॅकल’चे, दोन गुण आहेत, आणि कोपरारक्षक अंतिम रेषेला चिकटून उभा. त्याला भीती चढाईपटूची नसते.

रमाकांत आचरेकरांचा स्टंपवरच्या एक रुपयाच्या नाण्याचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, त्यातली रचना मात्र फारसं कोणी बघत नाही. दमलेल्या फलंदाजासमोर नव्या दमाचे गोलंदाज, बाद केलं तर नाणं गोलंदाजाचं, नाही केलं तर फलंदाजाचं. ओरडायची गरजच उरत नाही. सरांनी आपल्याला कधी ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही, असं सचिन तेंडुलकरने २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सांगितलं. त्यावरून ‘कौतुक करू नये’ एवढाच धडा घेणारे पुष्कळ आहेत. नाणं ठेवायला मात्र विसरतात. कबड्डीत हेच करायचं तर सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत गुणफलक लावा: तीन बचावपटू, चार गुणांची पिछाडी, दोन मिनिटं शिल्लक. हरणाऱ्या बाजूने मॅट गुंडाळायची.

सामन्यात प्रशिक्षकाच्या हातात फार कमी असतं. चढाई चालू असताना आपल्याच बाजूने चढाईपटूला सूचना दिली तर समोरच्याला गुण जातो, म्हणून सरावातही चढाईच्या मध्ये ओरडायची सवय नको. ३० सेकंदांच्या विश्रामात (टाइम-आउट) पहिली दहा सेकंदं पोरांना श्वास घेऊ द्यावा. मग पुढची चढाई कोणाची आणि बचावात कोणता एक बदल, एवढंच. त्या वेळी प्रश्न विचारत बसू नये. तिसरी सूचना कोणाच्याही कानात शिरत नाही.

वजनी गटाबद्दल थोडक्यात: आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवलेल्या पोराची पकड दुसऱ्या सत्रात सुटते. वजन दर आठवड्याला एकाच वेळी करा. जो सतत वरच्या बाजूला जातो त्याला वरच्या गटाची तयारी करू द्या.

स्वतःला तपासायचं असेल तर फोन मैदानाकडे लावून वीस मिनिटांचं चित्रण करावं आणि घरी चार रकान्यांत रेघा ओढाव्यात: माहिती, कौतुक, राग, नुसता आवाज. ‘चल चल’, ‘ए ए’, ‘कमॉन’ हे सगळं चौथ्या रकान्यात. शेजारी एका पोराचं नाव लिहून त्याने वीस मिनिटांत किती पकडी केल्या तेही मोजावं. पोर निवडताना संघातला सर्वोत्तम घेऊ नये. अकराव्या-बाराव्या क्रमांकाचा घ्यावा.