एल्गार पहिली सिम्फनी: १९३० च्या ट्रान्सफरचा पीच सापडला, आता ॲडाजिओचं बघू

सापडला एकदाचा! इंग्रज संगीतकार एल्गारने आपली पहिली सिम्फनी स्वतः कंडक्ट केली, ते १९३० चं रेकॉर्डिंग (लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, किंग्जवे हॉल, नोव्हेंबर), त्याचे माझ्याकडचे दोन ट्रान्सफर (जुन्या डिस्कवरून उतरवलेल्या प्रती) एकमेकांशी जुळत नव्हते आणि त्यापायी मागच्या अपडेटातला सगळा तक्ता अडकून पडला होता, ते कोडं काल रात्री सुटलं. म्हणून लगेच लिहायला बसलोय.

आधीचं वाचलेल्यांना माहितीये की मी एकूण वेळांचा तक्ता करत होतो. एल्गार स्वतः ४६ मिनिटांच्या आसपास संपवतो, बाकीच्या कंडक्टरांपैकी बार्बिरोली १९६२ (फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा) ५३-५४ च्या घरात जातो, सिनोपोली त्याहूनही संथ, आणि बोल्ट (१९७६) एल्गार आणि बार्बिरोलीच्या मधे कुठेतरी. पण "एल्गार फास्ट आहे" असं म्हणायचं तर आधी डिस्क बरोबर स्पीडने फिरवली होती की नाही हे नको का कळायला? ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) डिस्क जरा जोरात फिरवली की सूर चढतो आणि वेळ घटतो, दोन्ही एकदमच. अर्धा सूर चढला तर जवळजवळ सहा टक्के, म्हणजे ४६ मिनिटांत पावणेतीन मिनिटांचा फरक! एवढा घोळ कुठल्याच चांगल्या ट्रान्सफरमध्ये नसतो, पण वीस सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढला तरी अर्धा मिनिट जातं आणि ते नुसत्या कानाला पटकन कळतही नाही. माझ्या दोघांमध्ये नेमका तेवढाच फरक होता. मग यातलं खरं कुठलं?

पहिला विचार केला होता की दुसरी मूव्हमेंट (सिम्फनीच्या चार भागांतला दुसरा) संपताना स्ट्रिंग्ज (तंतुवाद्यं) तो लांबलचक एफ शार्प धरून ठेवतात, त्याच स्वरावर ॲडाजिओ (तिसरी, संथ मूव्हमेंट) सुरू होतो, तोच मोजावा. इतका लांब आणि उघडा स्वर अख्ख्या सिम्फनीत दुसरा नाही. पण स्ट्रिंग्ज म्हटल्यावर व्हायब्रेटो (स्वर मुद्दाम थरथरवणं) आला, त्यात १९३० ची वाजवायची पद्धत, आणि वर शेलॅकची (७८ च्या डिस्क ज्या लाखेच्या असायच्या तिची) खरखर. स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या फ्रीक्वेन्सींच्या आलेखात) टोक दिसतच नाही, एक पसरट उंचवटा दिसतो आणि त्यात दहा सेंट इकडे की तिकडे हे कोणी सांगू शकणार नाही. मग हार्प, कारण ती एकदा लावली की वाजवताना स्वर हलत नाही. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये तो मार्च निम्म्या गतीने, गाण्यासारखा होऊन येतो तिथे हार्प छान आहेत, पण १९३० च्या मायक्रोफोनपर्यंत त्या जेमतेम पोचल्यात.

मग एका मित्राने सुचवलं की रेकॉर्डिंगमध्ये विजेचा हम (वीजपुरवठ्याची बारीक घुरघुर) असेल तर तो ५० हर्ट्झला बसव, बाकी सगळं आपोआप बसेल. कल्पना झकास आहे आणि पुढच्या काळातल्या टेप्सना ती चालते. पण १९३० चं लंडन म्हणजे नॅशनल ग्रिड अजून उभी राहत होती, १९२६ च्या कायद्यानंतर काम सुरू झालं आणि ग्रिड चालू झाली १९३३ ला. तोवर वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीची वीज पुरवायच्या. म्हणजे हम सापडला तरी तो कशाशी जुळवायचा हाच प्रश्न. हा रस्ता तिथेच बंद झाला.

उत्तर शेवटी ब्रासमध्ये (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन वगैरे पितळी वाद्यांत) निघालं. पहिल्या मूव्हमेंटमध्ये ती मुख्य धून आधी हळू येते आणि मग पूर्ण ऑर्केस्ट्रा ए फ्लॅटमध्ये ती दणक्यात वाजवतो, तिथले लांब स्वर घेतले. ब्रासवाले तेव्हा व्हायब्रेटो जवळजवळ करतच नव्हते, त्यामुळे टोक सुईसारखं येतं. ए हा स्वर ४४० हर्ट्झ धरला तर मधला ए फ्लॅट ४१५ हर्ट्झच्या जरासा वर पडतो. ब्रिटनमध्ये तेव्हा ए ४३९ चा रिवाज होता, तो धरला तर ४१४ च्या जरा वर, म्हणजे फरक फक्त चार सेंटचा, सोडून देण्यासारखा. माझा एक ट्रान्सफर बरोबर तिथेच बसला. दुसरा ४२० ला!! बघून खुर्चीतून उठलोच. नंतर प्रत्येक साइडमधली (डिस्कच्या एकेका बाजूवरची) एकेक जोरकस ब्रासची जागा घेऊन तेच परत मोजलं, कारण एकाच सेशनमध्ये साइडगणिक स्पीड थोडाफार सरकतो. दुसऱ्या ट्रान्सफरमध्ये दोन साइडच्या सांध्यावर सूर चक्क उडी मारतो, हे एकदा लक्षात आलं की मग ऐकताना ते प्रत्येक वेळी टोचतं.

टूल्सबद्दल. सोनिक व्हिज्युअलायझर फुकट आहे, लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतून आलेलं, दिसायला रुक्ष असलं तरी या कामाला त्याच्या तोडीचं काही नाही. ऑडॅसिटीचा स्पेक्ट्रम प्लॉट अंदाजापुरता ठीक, फक्त विंडो साइज मोठ्यात मोठी ठेवा नाहीतर वीस सेंट दिसणारच नाहीत. आणि ट्रान्सफर दुरुस्त करताना स्पीड आणि पीच दोन्ही एकत्र बदलणाराच इफेक्ट वापरायचा. नुसता टेम्पो किंवा नुसता पीच बदलला तर सॉफ्टवेअर आवाज ताणून चिकटवतं आणि व्हायोलिन प्लास्टिकचे वाटायला लागतात. स्ट्रीमिंगवर मात्र या कामासाठी माझा अजिबात विश्वास नाही, कारण तिथे १९३० चं रेकॉर्डिंग बऱ्याचदा नुसतं "रिमास्टर्ड" म्हणून टाकलेलं असतं, ट्रान्सफर कोणाचा, कुठल्या डिस्कवरून, काही पत्ता नाही. जुन्या सीडीची पुस्तिका हातात असली की निदान नाव तरी असतं. मी सेकंडहँड सीडी घेतो, टपालाचा खर्च सीडीच्या वर जातो, तरी घेतो.

तर आता एल्गार खरंच फास्ट होता का? हो, होता. बरोबर पीचला बसवल्यावरही तो बहुतेक सगळ्यांच्या पुढे आहे. ७८ च्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावायची म्हणून त्याने घाई केली, हे स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं आणि मला ते पटत नाही. बाजू कमी पडली तर कंपनी एक डिस्क वाढवू शकत होती. आणि मुख्य म्हणजे घाईत माणूस सरसकट पळतो, एल्गार तसा पळत नाही. तो एका ओळीत पुढे झेपावतो आणि पुढच्याच ओळीत इतका मागे येतो की आजचा कंडक्टर तिथे धजावणार नाही. कंडक्टर सोल्टीने १९७२ च्या रेकॉर्डिंगआधी एल्गारची ही रेकॉर्डिंग्ज बारकाईने ऐकली आणि तसे टेम्पो घेतले, तेव्हा तर एलपी होती, बाजूंची मारामार नव्हती, आणि तरी ते ऐकताना कुठे घुसमटल्यासारखं होत नाही. लंडन फिलहार्मोनिक तिथे पेटून वाजवतो.

हे लिहिता लिहिताच जाणवतंय की एकूण वेळांचा तक्ता आता बाजूला ठेवायला हवा. मूव्हमेंटच्या आत लय इतकी हलते की बेरजेतून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा दुसरी आणि तिसरी मूव्हमेंट एकमेकांशी ताडून बघायची. दुसरीची ती धावती धून आणि ॲडाजिओची पहिली धून, स्वर तेच आणि क्रमही तोच, फक्त द्रुतातले विलंबितात आलेत. आपण बडा ख्याल-छोटा ख्याल ऐकत वाढलेले लोक, आपल्याला ही गंमत पटकन भिडायला हवी! मग प्रत्येक कंडक्टर ही धून किती पटीने संथ करतो हे मोजता येईल, आणि तिथे ट्रान्सफरचा पीच थोडा चुकीचा असला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही मूव्हमेंट साधारण सारख्याच प्रमाणात चुकतात. (साइडगणिक सरकणं सोडून. ते बघावं लागेल.)

वरवर ऐकून जे दिसतंय ते असं की एल्गारचा ॲडाजिओ दहा मिनिटांच्या थोडा वर जातो आणि बार्बिरोली १९६२ बारा ओलांडतो. पण बार्बिरोली दुसरी मूव्हमेंटसुद्धा सावकाश घेतो, त्यामुळे दोघांची पट कदाचित वाटते तेवढी लांब नसेल. बार्बिरोलीबद्दल मी पक्षपाती आहे हे सगळ्यांना माहीत आहेच. १९६२ चा ॲडाजिओ मला अजूनही सगळ्यात जवळचा. त्याचं १९५६ चं मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राबरोबरचं पाय कंपनीचं रेकॉर्डिंग जरा दुर्लक्षित राहिलं, पण त्यातली धग वेगळीच आहे, आणि आपल्या मुंबईचे मेहली मेहता (झुबिनचे वडील, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे) नेमके त्याच वर्षांत मँचेस्टरला हॅलेच्या व्हायोलिनमध्ये होते! हीच सिम्फनी पहिल्यांदा वाजली तीही मँचेस्टरला, ३ डिसेंबर १९०८, कंडक्टर रिख्टर आणि हॅले. आणि जुलै १९७० चं किंग्ज लिनचं लाइव्ह, बार्बिरोली जायच्या पाच दिवस आधीचं, त्याच्यावर मी आत्ता काही लिहीत नाही, ते तक्त्यात बसवायचं मला जड जातंय.

बोल्ट १९७६ परत काढला तो वेगळ्याच कारणाने. एल्गारने या सिम्फनीत काही जागी फक्त शेवटच्या डेस्कवरच्या स्ट्रिंग्जना वाजवायला सांगितलंय, म्हणजे मागच्या बाकांवरचे वादक, आवाज लांबून, पसरून यावा म्हणून. १९३० च्या मोनोमध्ये ते नुसतं "हळू" ऐकू येतं. बोल्ट पहिले आणि दुसरे व्हायोलिन समोरासमोर बसवतो, स्टीरिओमध्ये ती मागची बाकं दोन्ही बाजूंनी येतात आणि हेडफोनवर तर खोलीची खोली कळते. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि तोल कुठेही ढळत नाही. नव्यातल्या बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये इंजिनियर या जागा वर उचलून देतो, स्वर स्वच्छ येतो पण लांबपणा गेलेला असतो, आणि लिहून ठेवलेला इफेक्ट असा पुसून टाकणं मला मान्य नाही. याची वेगळी यादी करतोय, पहिल्या मूव्हमेंटचा शेवटचा भाग आणि चौथीची सुरुवात, या दोन जागा सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये पाठोपाठ, व्हॉल्युम बरोबरीला आणून.

पुढचं काम म्हणजे एल्गार, दोन्ही बार्बिरोली (१९५६ आणि १९६२), सोल्टी आणि बोल्ट यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मूव्हमेंटचे ठोके हाताने टॅप करायचे. ऑटोमॅटिक बीट शोधणारे प्लगइन ॲडाजिओत सपशेल गळपटतात, तिथे कानच हवा. बॅरेनबोइमचा बर्लिनवाला नंतर घेईन.

आणि बोल्टचं १९४९ चं, तेही ७८ वरचं, कोणाकडे साइडचे सांधे न मिटवता केलेला ट्रान्सफर आहे का? ब्रासवरून पीच काढायची रीत आता त्याच्यावर लावून बघायचीय. असेल तर सांगा, फाइलचा फॉरमॅट कुठलाही चालेल, फक्त एमपीथ्री नको.